दक्षिण काठाचा माथा

वॉरंबीन,
रविवार, ३ मार्च २०२४

प्रिय जनेल,

तुझे निवेदन पोहोचले. सोळा तारखेला नगरभवनात महासाथीतल्या निर्बंधांवर तुमच्या नागरिक मंडळाची जी सुनावणी भरणार आहे, तिच्यापुढे तू ते वाचणार आहेस आणि त्याखाली ‘प्रत्यक्ष साक्षीदार’ म्हणून माझी सही तुला हवी आहे, हे सोबतच्या चिठ्ठीवरून समजले. मी ते दोनदा वाचले; एकदा मास्तर म्हणून आणि एकदा वडील म्हणून. मास्तराला त्यात विरामचिन्हांच्या चुका फारशा आढळल्या नाहीत, याचे श्रेय तो स्वतःकडे घेतो. वडिलांना मात्र त्यात एकही परिच्छेद असा सापडला नाही, की ज्याखाली स्वच्छ मनाने सही करता येईल. तेव्हा प्रथम दुरुस्त्या.

तू लिहितेस: “माझ्या ब्याऐंशी वर्षांच्या वडिलांनी रात्रीच्या अंधारात वल्ही मारत नदी ओलांडली, सरकारची सीमा मोडून ते माझ्या मरणोन्मुख आईपर्यंत पोहोचले, आणि पोलिसांनी त्यांना फरफटत परत नेले.” एका वाक्यात इतक्या चुका माझ्या वर्गातल्या शेवटच्या बाकावरही कोणी केल्या नव्हत्या. माझे वय तेव्हा एक्क्याऐंशी होते. अंधार नव्हता; स्वच्छ ऊन होते आणि मी टोपी घातली होती. वल्ही होडीत होती खरी, पण ती शोभेला. पत्र्याच्या त्या होडीला मागे इंजिन आहे, आणि ते किती खोकते हे तुला ठाऊक आहे. पोलिसांनी मला फरफटत नेले नाही. त्यांच्यातल्या एकाने माझ्या डब्यातली ओटची बिस्किटे खाल्ली, तीही विचारून. आणि सर्वांत मोठी चूक ही, की मी सीमा मोडली. मी सीमा मोडली नाही. एकदाही नाही.

इथे वाढलेल्या मुलीला हे सांगावे लागू नये. पण तुला मेलबर्नला जाऊन तीस वर्षे झाली, आणि शहरातल्या माणसाला नदी म्हटली की सीमा तिच्या मधोमध असावी असेच वाटते. आपल्या मरे नदीचे तसे नाही. पाण्याचा थेंबन् थेंब न्यू साउथ वेल्सचा. इतकेच नव्हे, तर पलीकडच्या, म्हणजे दक्षिणेच्या काठाचा उतारसुद्धा न्यू साउथ वेल्सचा. उतार चढून माथ्यावर पाय ठेवला, की तिथून व्हिक्टोरिया सुरू. म्हणून तर पलीकडच्या लँडिंग गावचे लोक स्वतःच्या परसात बसून गळ टाकतात आणि मासेमारीचा परवाना मात्र आपल्या राज्याचा काढतात, आणि त्यावरून दर नाताळाला कुरकुरतात. २०२० च्या जुलैत साथीमुळे दोन गावांमधला पूल बंद झाला तेव्हा दोन्ही राज्यांनी पुलावर शिपाई उभे केले, पाट्या लावल्या, नारिंगी अडथळे आणले; पण नदीला कोणी काही विचारले नाही.

ती वेळ कशी होती हे मी तुला सांगण्याची गरज नाही, कारण तू स्वतः मेलबर्नमध्ये घरापासून पाच किलोमीटरच्या आत कोंडलेली होतीस. पण इथे कसे होते ते तू पाहिलेले नाहीस. आपली दोन गावे म्हणजे एकाच घराच्या दोन खोल्या. शाळा आमची, इस्पितळ त्यांचे. दफनभूमी आमची, चांगला पाववाला त्यांचा. शंभर वर्षे कोणाच्या लक्षातही नव्हते, की मधला उंबरठा हा खरोखर उंबरठा आहे. आणि तुझी आई, नोलीन, तर पूल मोकळा असतानाच, जूनमध्ये, प्राणवायूच्या नळीसाठी इस्पितळात गेली होती. पिशवीत दोन झगे आणि विणकाम घेऊन, आठवड्यात परत येते म्हणून.

पूल बंद झाल्यावर काही दिवस परवान्यावर जाता येई. मग जुलैच्या शेवटी नियम आवळले. काम, शिक्षण, औषधोपचार. कारण यांपैकीच हवे. ‘पत्नीला भेटणे’ हे कारण त्यांना सुचलेच नव्हते. क्लबातला रे गथ्री मला म्हणाला, “अरे मर्व्ह, ‘दातदुखी’ लिही आणि मोकळा हो. निम्मं गाव गाल धरून पूल ओलांडतंय.” मी म्हणालो, माझे दात दुखत नाहीत. “दुखतील कसे? रात्री पेल्यात असतात ना ते!” त्यावर सगळा क्लब हसला, आणि मीही हसलो. पण लिहिले नाही. खरे कारण लिहायला जागा नसेल, तर खोटे लिहून मी त्यांच्या रकान्याची लाज झाकणार नव्हतो. शिवाय पूल ओलांडूनही उपयोग नव्हता. इस्पितळाने दार सगळ्यांनाच बंद केले होते. आत कोणालाही सोडायचे नाही. रुग्ण अगदी शेवटच्या टप्प्यात असेल तेव्हाच तेवढा अपवाद. हा नियम लक्षात ठेव. तू तो तुझ्या निवेदनात ‘अमानुष’ या एका शब्दात गुंडाळला आहेस. मी पुढे त्याच्याकडे परत येणार आहे.

मग ऑगस्टमध्ये एका सकाळी मी होडी काढली. इस्पितळाची मागची बाग थेट काठाच्या माथ्यापर्यंत येते, हे मला माहीत होते. मालिया नावाची टोंगाची एक परिचारिका तुझ्या आईला रोज उन्हासाठी चाकांच्या खुर्चीतून तिथे आणून बसवीत असे, हे नोलीनने मला फोनवर सांगितले होते. मी होडी खालच्या गम वृक्षाच्या मुळाला बांधली, उतारावर घडीची खुर्ची मांडली आणि बसलो. वर तुझी आई, मांडीवर गोधडी, शेजारी प्राणवायूची नळकांडी, खाली मी. मध्ये गवताची एक पट्टी, आणि त्या पट्टीत कुठेतरी दोन राज्यांची सीमा. नोलीन खाली वाकून बघत म्हणाली, “मर्व्ह, तो स्वेटर कोपरावर फाटलाय. आणि तू तोच घालून जगापुढे आलास?” सहा आठवड्यांनंतरचे हे तिचे समोरासमोरचे पहिले वाक्य. याला तू तुझ्या निवेदनात ‘हृदयद्रावक पुनर्भेट’ म्हणतेस. ती स्वेटरची चौकशी होती.

पोलीस आले ते सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी, पितृदिनी. कोणीतरी कळवले असावे. पुढे एक कोवळा शिपाई, जिलाँगहून नुकताच बदलून आलेला. माथ्यावरून ओरडला, “ओ काका! होडी फिरवा मागे! इकडे यायची परवानगी नाहीये!” मी म्हणालो, मी ‘इकडे’ आलेलोच नाही. “म्हणजे काय? व्हिक्टोरियात बसलाय तुम्ही!” मी त्याला समजावले, की व्हिक्टोरियात तो उभा आहे; मी न्यू साउथ वेल्समध्ये बसलो आहे आणि त्याचा बूट जर आणखी वीतभर पुढे सरकला, तर विनापरवाना सीमा ओलांडण्याचा गुन्हा त्याच्या हातून, खरे म्हणजे पायातून, घडेल. तो खरोखर एक पाऊल मागे सरला. तुझ्या आईला हसता हसता खोकला आला आणि मालियाने माझ्याकडे डोळे वटारून पाहिले.

मग त्याने त्याच्या वरिष्ठाला बोलावले. सार्जंट ड्वायर. लँडिंगचा, म्हणजे अर्थातच शिकला आपल्या शाळेत, माझ्या हाताखाली. त्याने सगळे ऐकून घेतले आणि त्या पोराला विचारले, “मासे धरतोस का रे?” “नाही सार्जंट.” “म्हणून. धरत असतास तर परवाना कुठला काढावा लागतो ते कळलं असतं. सर बरोबर सांगतायत. आजवर कधी चुकीचं सांगितलं नाही त्यांनी, हाच तर वैताग होता वर्गात.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “सर, तुम्ही कायद्यात बसताय. पण बाईंना खाली उतरवू नका, नाहीतर मला लिहून घ्यावं लागेल.” नोलीनने विचारले, “आणि हात खाली आला तर?” ड्वायरने टोपी काढून डोके खाजवले. “हाताला वेगळा परवाना लागतो का, ते वर विचारायला लागेल. आज पितृदिन. वरचे सगळे सुट्टीवर.” एवढे बोलून त्याने पाठ फिरवली, त्या पोरालाही खांदा धरून फिरवले, आणि दोघे जण नदीतली बदके मोजत राहिले. नोलीनने हात खाली केला. मी उभा राहून तो धरला. मालियाने नंतर आम्हां दोघांचेही हात कसल्याशा उग्र वासाच्या द्रवाने धुतले. बिस्किटे ड्वायरने त्यानंतर खाल्ली.

हे मी इतके सविस्तर का लिहितो आहे? कारण तुमच्या मंडळाला एक बंडखोर म्हातारा हवा आहे आणि पलीकडच्या पक्षाला एक आज्ञाधारक म्हातारा हवा आहे. आणि मी यांपैकी कोणाचाही होणार नाही. मागच्या वर्षी एका वार्ताहर मुलीने मला विचारले होते, की मी ‘नियम पाळणाऱ्या ज्येष्ठांचे प्रतीक’ म्हणून छायाचित्राला उभा राहीन का. मी तिला सांगितले, की मी नियम पाळला तो नियमाच्या प्रेमाने नव्हे. मी तो नीट वाचला होता, लिहिणाऱ्यांनी वाचला नव्हता, एवढेच. ती परत आली नाही. तुलाही तेच उत्तर. तुझ्या निवेदनात मला ‘लस टोचून घेण्यास भाग पाडण्यात आले’ असेही आहे. भाग कोणी पाडले? कर्ता लपवून लिहिलेले वाक्य मी शाळेत कधी चालवून घेतले नाही, घरातही चालवून घेणार नाही. मी रांगेत उभा राहिलो आणि बाही स्वतःच्या हाताने वर केली. ज्या बाईने लहानपणी एक हिवाळाभर संसर्गरोगाच्या दवाखान्यात काढला आणि पुढे जन्मभर पायाला लोखंडी पट्टी बांधून माझा संसार केला, तिच्याबरोबर मी छप्पन्न वर्षे राहिलो होतो. मला त्या सुईचे महत्त्व कोणी पटवून द्यावे लागले नाही.

तू लस घेतली नाहीस. तुझे ते मत मला चूक वाटले, आजही वाटते, आणि जन्मभर वाटत राहील. पण बालवाडीतून तुला काढले, तेव्हा त्या शाळेच्या व्यवस्थापकांना सर्वांत खरमरीत पत्र कोणी लिहिले होते, हे तुला माहीत नसेल, तर आता माहीत करून घे. मी लिहिले, की वीस वर्षे जिने तुमच्या मुलांची नाके पुसली, तिला दोन ओळींत घरी पाठवता, आणि त्या दोन ओळीही धड लिहिता येत नाहीत. क्लबात रे गथ्री मला म्हणाला, “असल्यांना एका बेटावर नेऊन सोडलं पाहिजे सगळ्यांना. आणि तू तुझ्या पोरीची वकिली करतोस?” तोच रे, गाल धरून पूल ओलांडणारा. मी त्याला म्हणालो, की बेटावरच राहतो आहेस तू रे, नकाशा बघ. मोठे आहे एवढेच. त्यानंतर दोन महिने आम्ही एका बाकावर बसलो नाही. तेव्हा त्या सुनावणीत तू तुझ्या नोकरीबद्दल जे बोलशील ते ठणकावून बोल. कोणाचे काम काढून घेणे म्हणजे त्याला वाद घालून जिंकणे नव्हे, हे तुझे वाक्य चांगले आहे. मी पहिल्या रांगेत बसेन आणि त्या वाक्याला टाळी वाजवीन.

पण आईबद्दलचा भाग तू काढून टाकायचा आहेस. विनंती नाही, सांगतो आहे. आणि का, ते आता लिहितो. हे मी साडेतीन वर्षे लिहिले नाही, कारण तसे वचन दिले होते. ते वचन मी आज मोडतो आहे, आणि त्याबद्दल कोणाचीही क्षमा मागत नाही. जिला दिले होते तिच्याशी मी माझे बघून घेईन.

तू लिहिले आहेस: “माझी आई मरते आहे हे तिच्यापासून लपवून ठेवण्यात आले. तिला एकटीला मरू देण्यात आले. तिच्या मुलीला तिच्याजवळ येऊ देण्यात आले नाही.” जनेल, ही तीनही वाक्ये खोटी आहेत. तू खोटे बोललीस असे मी म्हणत नाही. तुला ठाऊक नव्हते.

पितृदिनानंतरच्या दुसऱ्या बुधवारी इस्पितळातून मला फोन आला. बाई सभ्य होत्या. म्हणाल्या, फार दिवस नाहीत. आता अपवादाचा नियम लागू होतो. दोघा जणांना आत येता येईल, झगा आणि मुखपट्टी लावून. मुलगी मेलबर्नला असली तरी आम्ही पत्र देऊ, वाटेतल्या चौक्यांवर ते चालते. तुम्हांलाही पुलावरून येता येईल. मी होडी काढली आणि काठावर गेलो. नोलीन बसलीच होती. मी तिला सांगितले. मला वाटले होते, की तिला आनंद होईल. तिने गोधडीचा काठ दोनदा नीट केला आणि म्हणाली, “नको.” मला ऐकू आले नाही असे वाटून मी पुन्हा विचारले. “नको म्हटलं ना. तू नको आणि ती नको. दोघंही नकोत आत.”

तिने मग मला जे सांगितले, ते इतक्या वर्षांच्या संसारात कधी सांगितले नव्हते. पोलिओच्या साथीत, नऊ वर्षांची असताना, ती ज्या दालनात होती तिथे आईवडिलांना आत सोडत नसत. रविवारी सगळे पालक बाहेर बागेत उभे राहत आणि पोरी काचेतून बघत. तिचे वडील टोपी उलटी घालून माकडचाळे करीत. शेजारच्या खाटेवरच्या मुलीची आई कोंबडीचे पिल्लू आणून दाखवी. “तेवढ्यावर आठवडा जायचा,” नोलीन म्हणाली. “पण कधीकधी मधल्या वारीच नर्सबाई यायच्या, एखाद्या खाटेभोवती पडदा ओढायच्या, आणि कोणाची तरी आई झगा घालून आत यायची. आम्ही बाकीच्या पोरी लगेच पांघरूण डोक्यावरून घ्यायचो. आम्हांला कळायचं. आत सोडलं की संपलं. बाहेर उभे आहेत, हात हलवतायत, तोवर तू जिवंत आहेस.” मग जरा श्वास घेऊन म्हणाली, “परवानगीने आलेला माणूस रडतो, मर्व्ह. तू बिनपरवानगीचा येतोस आणि माझ्याशी स्वेटरवरून भांडतोस. मला तसलंच माणूस पाहिजे.”

मी वाद घातला. मी वाद घालणारच, तुला माहीत आहे. म्हणालो, जनेलला हक्क आहे. “आहे ना,” ती म्हणाली. “पण मरणारी मी आहे, माझा हक्क आधी. ती येणार तीनशे किलोमीटर, दर चौकीवर भांडत; आत आल्यावर डॉक्टरशी भांडणार; मग माझ्याकडे बघून रडणार, आणि मी तिला समजावत बसणार. माझ्याकडे तेवढा श्वास नाही. मी तिच्याशी फोनवर बोलेन. नाताळचं बोलेन.” मी विचारले, मग तिला काय सांगू? “काही सांगू नकोस. तिला कोणावर तरी रागवायचं असणारच. माझ्यावर नको. सरकारवर रागवू दे. त्याच्यावर इतके लोक रागावलेत, त्यात आणखी एक.” इस्पितळाला तिने स्वतः कळवले. मालियासमोर, स्पष्ट शब्दांत.

आणि दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, तिने तुला फोन केला. त्या फोनबद्दल तू निवेदनात लिहिले आहेस, की बिचारी आई नाताळच्या पुडिंगविषयी बोलत होती, मनुका कधी भिजवायच्या, किती दिवस कापडात टांगायचे. म्हणजे तिला काहीच कळू दिलेले नव्हते. तिला सर्व कळले होते. आदल्या दुपारी कळले होते. ती रोज दहा वाक्यांत दमत असे, आणि त्या दिवशी तिने तुला अख्खी कृती सांगितली. माझ्यासमोर, काठावर बसून. मध्ये नळी नाकावर धरायला ती थांबली, की तू पलीकडून म्हणायचीस, “आई, लिहून घेत्येय, घाई करू नकोस,” आणि ती माझ्याकडे बघून डोळा मारायची. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, “झालं बाई.” तिने तुझा निरोप तुझ्याशी हसत घेतला. तो तसाच घ्यायचा, हे तिचे ठरले होते.

शनिवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे खुर्ची मांडून बसलो. त्या दिवसांत मॅगपाय पक्षी डोक्यावर झेप घेतात म्हणून मी टोपीवर चाळणी बांधली होती. नोलीनला ती दाखवायची होती. मालिया माथ्यावर आली. खुर्ची बरोबर नव्हती. ती उतरून खाली आली, सरळ न्यू साउथ वेल्समध्ये, आणि गवतावर माझ्या शेजारी बसली. “न्याहारीच्या वेळी गेल्या,” म्हणाली. “हात माझ्या हातात होता. शेवटी विचारत होत्या की तो आला का. मी म्हणाले, इंजिन ऐकू येतंय. आणि खरंच येत होतं.” असे मालियाने सांगितले, आणि ती मला खूश करण्यासाठी खोटे बोलणारी बाई नाही. तेव्हा ‘एकटी’ हा शब्द खोड.

आता तू चिडशील. चीड. साडेतीन वर्षे ज्याच्यावर चिडायचे ठरले होते त्याच्यावर तू चिडलीस; आता खऱ्या माणसांवर चीड, म्हणजे तिच्यावर आणि माझ्यावर. आम्ही सोसू. सरकारने त्या काळात चुका केल्या नाहीत असे मी म्हणत नाही. मी त्यांना स्वतः एकोणीस पत्रे लिहिली आणि उत्तर एकाचेही धड आले नाही. पूल असा बंद करायला नको होता, हे मी सुनावणीतही सांगेन आणि चौकातही सांगेन. रोग साधा सर्दीपडसे होता, असे मात्र माझ्यासमोर कोणी म्हणायचे नाही. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या तोंडून एकाच वेळी निघू शकतात, हे तुमच्या मंडळाला आणि त्यांच्या विरोधकांना एकदा ऐकू दे. पण नोलीन पेंगेली ही कोणाच्याही फलकावरची बिचारी म्हातारी नाही. तिला कोणी कोंडले नव्हते आणि तिला कोणी सोडवायचेही नव्हते. त्या संबंध वर्षात, दोन्ही राज्यांत मिळून, जिने स्वतःची सीमा स्वतः आखली अशी एकच व्यक्ती मला माहीत आहे, आणि तिच्याशी माझे लग्न झाले होते.

सही नाकारायला मला इतकी पाने लागली नसती. ‘नाही’ हा शब्द पुरेसा होता. हे पत्र मी लिहिले ते गेल्या रविवारच्या तुझ्या फोनमुळे. सुनावणीचे बोलून झाल्यावर तू म्हणालीस, “बाबा, एक सांगू? मी तेव्हा परवानगी मागितलीच नव्हती. शेवटच्या भेटीला सोडतात, हे ऐकलं होतं मी. पण नाही मागितली. बातम्यांत सांगितलं घरात बसा, मी बसले. मी नियम पाळत बसले, आणि ती गेली.” एवढे बोलून तू फोन ठेवलास. मग मला तुझे ते सारे मोर्चे, ती भाषणे आणि हे निवेदन प्रथमच नीट वाचता आले. जनेल, तू मागितली असतीस तरी मिळाली नसती. परवानगी तयार होती. ती तुझ्या आईने परत पाठवली. तू दार तोडून आली असतीस, तरी तिने मालियाला पडदा ओढायला सांगितले असते. तू घरात बसलीस म्हणून ती तुला भेटली नाही, असे नाही. तिला तू मेलबर्नला, स्वयंपाकघरात, हातात पेन्सिल घेऊन, तिचे ऐकत बसलेली हवी होतीस. आणि तू नेमकी तिथे होतीस. सोळा तारखेला तू व्यासपीठावर कोणालाही जाब विचार. फक्त स्वतःला विचारणे आता थांबव. हा मुद्दा निकालात निघालेला आहे, आणि निकाल तुझ्या आईचा आहे.

सहीऐवजी खाली दुरुस्त तारखा जोडतो आहे. त्या अचूक आहेत.

तुझाच, न बदललेला,
बाबा

दुरुस्त तारखा

पूल बंद झाला: बुधवार, ८ जुलै २०२०. (तू लिहिलेले ‘जुलैचा पहिला’ चूक.)

पोलीस काठावर आले: रविवार, ६ सप्टेंबर २०२०, पितृदिन. (तू लिहिलेला ‘मृत्यूचा आदला दिवस’ चूक.)

आत येण्याची परवानगी मिळाली, आणि नोलीनने ती नाकारली: बुधवार, १६ सप्टेंबर २०२०. (तुझ्या निवेदनात नोंद नाही.)

नोलीन गेली: शनिवार, १९ सप्टेंबर २०२०. (तू लिहिलेला ‘सोमवार’ हा तुला प्रत्यक्ष कळवल्याचा दिवस. दोन दिवस माझ्याच्याने फोन उचलवला नाही.)

मी लस घेतली: बुधवार, १४ एप्रिल २०२१, स्वखुशीने. (तू लिहिलेले ‘२०२०’ अशक्य, तेव्हा आपल्याकडे लस नव्हती.)

पूल उघडला: सोमवार, २३ नोव्हेंबर २०२०. ही नोंद वर यायला हवी होती; घाईत खाली गेली. राहू दे.

तुझी आणि तुझ्या आईची शेवटची भेट: गुरुवार, १७ सप्टेंबर २०२०. तू लिहिले होतेस, ‘झाली नाही’.